पाण्याचं पंचांग

२०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला. त्याची ठरलेली तारीख ११ जून. गेल्या पाऊणशे वर्षांत तो इतक्या लवकर आला नव्हता. कोकणात तर २० मेच्या सुमारासच सरी कोसळू लागल्या होत्या. सरकारी कागदावर मात्र समुद्र ३१ मेपर्यंत उघडाच होता, कारण यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरची बंदी लागते १ जूनला. अखेरच्या आठ-दहा दिवसांच्या फेऱ्यांवर वर्षाचा हिशेब जुळवू पाहणाऱ्या नाखव्यांना होड्या घाईघाईने वर ओढाव्या लागल्या. वाळत घातलेली मासळी भिजली. किल्ला दाखवणाऱ्या आणि पर्यटकांना खाडीत फिरवणाऱ्या होडीवाल्यांचा ऐन कमाईचा आठवडा हातचा गेला.

होडीवर पोट असलेल्या माणसाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि पाडव्यालाही नाही. ते त्याच्या पाण्यावर ठरतं. प्रत्येक पाण्याचं एक मुख्य भय असतं. कुठे ते लाटेचं असतं, कुठे बर्फाचं, कुठे चक्रीवादळाचं, तर कुठे पाणी आटण्याचं. त्या भयाचा मुक्काम असेल तेवढे महिने होडी बाहेर काढायची नाही, बाकीचे महिने काढायची, असा साधा हिशेब जगभर आहे. तपशिलात गेलं की मात्र तो साधा राहत नाही. भय भरात असतं तेव्हा माणूस घरी बसतो आणि बचावतो. ते यायच्या बेतात असतं किंवा नुकतंच गेल्यासारखं वाटतं, तेव्हा तो फसतो. जगभरच्या नौकावर्षांकडे पाहताना मला हंगामाच्या मध्यापेक्षा त्याचे काठच जास्त महत्त्वाचे वाटतात, आणि हे काठ आता पूर्वीसारखे जागच्या जागी राहिलेले नाहीत.

सुरुवात कोकणापासूनच करू. दोन-तीन महिने समुद्र असा पुरता मिटावा, हे फार थोड्या किनाऱ्यांच्या वाट्याला येतं. जूनमध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावरून निघालेला वेगवान वारा अख्खा अरबी समुद्र ओलांडून आपल्या अंगावर येतो. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा जोर किती, तो किती वेळ टिकतो आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून वाहतो. पावसाळ्यात या तिन्ही गोष्टी एकदम जुळून येतात. तरीही मोठी नौका खोल समुद्रातल्या तीन-चार मीटरच्या लाटा सोसते. खरी गोम किनाऱ्याशी आहे. कोकणातली बहुतेक जुनी बंदरं खाड्यांच्या मुखाशी आहेत आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंबरठा साचलेला असतो. बाहेरून येणारी लांब लाट या उथळात शिरली की तळाला अडते, उभी राहते आणि फुटते. त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल आणि वरून नदीचं पुराचं पाणी रेटत असेल, तर दोन्ही पाणी समोरासमोर भिडतात आणि लाट आणखी आखूड, आणखी उभी होते. म्हणून जाणता तांडेल वाऱ्याची चौकशी करतो तेवढीच भरतीच्या वेळेचीही करतो. उधाण आहे की भांग, पाणी चढतंय की उतरतंय, हे पाहिल्याशिवाय तो तोंडातून आत शिरत नाही. दहा तास भर समुद्रात तगलेली होडी घराच्या दारात उलटते ती याच ठिकाणी.

आणि गंमत अशी की, तोंडाच्या आत, खाडीत, त्याच जुलै महिन्यात फेरी चालूच असते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत माणसं, दुचाक्या, एसट्या भर पावसात इकडून तिकडे जातात. दीपस्तंभावरून पाहिलं तर काही मैलांच्या अंतरात दोन वेगळे ऋतू दिसावेत अशी ही स्थिती. समुद्र बंद आहे असं आपण म्हणतो तेव्हा बंद असतो तो उंबरठा.

आगोटीची, म्हणजे पावसापूर्वीच्या आवराआवरीची, लगबग मेच्या मध्यापासून सुरू होते. भरतीच्या पाण्यावर होडी शक्य तितकी वर आणायची, मग ओंडक्यांवरून माणसांच्या जोरावर किंवा हल्ली क्रेनने ओढून सुरक्षित जागी ठेवायची. जाळी उतरवून, धुऊन, वाळवून घरात टांगायची. इंजिनातलं खारं पाणी काढून गोड्या पाण्याने ते धुवायचं, तेलपाणी करायचं. मग शाकारणी. पूर्वी नारळाच्या झापांनी होडी शाकारत, आता निळ्या-काळ्या ताडपत्र्या आल्या. लाकडी होडीला या महिन्यांत दोन उलट शत्रू असतात. पाऊस साचला तर लाकूड कुजतं, आणि मधल्या उघडिपीत कडक ऊन लागलं तर फळ्या आकसून सांधे उघडतात. म्हणून आच्छादन असं घालायचं की पाणी आत जाणार नाही, पण वारा खेळता राहील. दोन्ही टोकांना हातभर फट ठेवलेली दिसते ती यासाठी. जुलैअखेर सांधे तपासून तेलात भिजवलेला कापूस पुन्हा ठासायचा, तळाला रंग काढायचा. फायबरच्या होड्या आल्यापासून यातलं निम्मं काम कमी झालं. ते काम येणारे हातही त्याच वेगाने कमी झाले.

समुद्र पुन्हा केव्हा उघडायचा, यावर कायदा आणि चंद्र यांचं एकमत नाही. परंपरेने उत्तर आहे नारळी पौर्णिमा. ती चांद्र तिथी असल्याने २०२० साली ३ ऑगस्टला आली, आणि अधिक श्रावणामुळे २०२३ साली थेट ३० ऑगस्टला. पूर्वी महाराष्ट्रात मासेमारीबंदी १० जूनला लागे आणि १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतलं जे आधी येईल त्या दिवशी सुटे. कायद्याने चंद्राशी केलेली ती तडजोड होती. आता पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरले आहेत. पूर्व किनाऱ्याला १५ एप्रिल ते १४ जून. बंदीमागे हवामानाइतकंच माशांच्या विणीचं कारण आहे, हे खरं. पण १ ऑगस्टला कोकणचा समुद्र निवळलेला असतोच असं नाही, आणि बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा अशी मागणी मच्छीमार संघटना अधूनमधून करतात ती उगाच नाही. पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्याला चांगला भाव मिळतो. त्यामुळे एक निघाला की दुसऱ्याला थांबणं परवडत नाही.

प्रवासी बोटींचंही असंच वर्ष होतं. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, पणजीकडे जाणारी आगबोट पावसाळ्यापूर्वी बंद होई ती गणपतीच्या आसपास पुन्हा सुरू होई. मधल्या काळात चाकरमान्याला गावी जायचं तर कोल्हापूरमार्गे घाट उतरण्यावाचून गत्यंतर नसे. मुंबई बंदराच्या आडोशातली रेवसची वाहतूक मात्र पावसातही चाले. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. गटारीसाठी गावी निघालेल्यांनी बोट भरलेली होती. आडोसा आहे म्हणजे समुद्र नाही, या समजुतीची किंमत मराठी माणसाने याहून जबर कधी मोजलेली नाही. आज गेटवे-मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो मोठी असल्याने हवामान पाहून पावसातही धावते. नौकेचा आकार बदलला की तिचं वर्षही बदलतं, याचं हे डोळ्यांसमोरचं उदाहरण.

शिडाच्या काळात हाच वारा अडसर होता आणि इंजिनही होता. कच्छ-मांडवीची, ओमानची गलबतं ईशान्येच्या कोरड्या वाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत झांजिबारकडे उतरत आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर परत येत. पण नैऋत्य वारा भरात असताना नव्हे. एकतर एप्रिल-मेमध्ये तो नुकता उठत असताना निघायचं, नाहीतर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो ओसरताना. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पोथीतही भारताकडे निघणाऱ्यांनी इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघावं, असा सल्ला आहे. म्हणजे तांबडा समुद्र उतरून अरबी समुद्र पार करेपर्यंत लाट बसू लागलेली असते. आपल्या पूर्वजांनी भर मोसम वापरला नाही, त्याचे काठ वापरले. काठावरच वारा कामाचाही असतो आणि जीवघेणाही, म्हणून दर्यावर्दीचं सगळं शहाणपण तिथेच खर्ची पडतं.

पावसाने पाणी मिटतं ही समजूत मात्र किनाऱ्यापुरतीच खरी. सह्याद्रीच्या पलीकडे तोच पाऊस आणि तोच पश्चिमेचा वारा पाणी उघडतात. हैदराबादच्या हुसेनसागरात शिडाच्या शर्यती भरतात त्या जुलैमध्ये. मुंबईचे शिडवाले हात बांधून बसलेले असतात तेव्हा दख्खनच्या पठारावरच्या तळ्यात वारा दिवसभर एकसारखा मिळतो आणि लाट मात्र वीतभर. केरळात तर होड्यांचा मोठा सणच पावसाळ्यात येतो. जून-जुलैतल्या चंपाकुळमच्या शर्यतीने हंगामाची नांदी होते आणि आळप्पुळ्याच्या पुन्नमडा कायलात नेहरू चषकाची शर्यत ऑगस्टमध्ये रंगते. १९५२ साली नेहरूंच्या भेटीतून ती सुरू झाली. शंभराच्या आसपास वल्हेकरी बसतील अशा त्या सर्पनौकांना काठोकाठ भरलेलं पाणी लागतं. पण २०१८ साली पाणी इतकं आलं की महापुरामुळे शर्यत नोव्हेंबरवर ढकलावी लागली. त्याच आळप्पुळ्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात 'चाकरा' होतो. समुद्राच्या तळचा मऊ चिखल ढवळून वर येतो आणि लाटेचा जोर शोषून घेतो. आजूबाजूला समुद्र खवळलेला असताना मधल्या पट्ट्यात पाणी तेलासारखं शांत राहतं, आणि कोळी ऐन जुलैत होड्या लोटतात.

नद्यांच्या प्रदेशात तर वारा बाजूलाच राहतो, पाण्याची उंची हाच ऋतू. बांगलादेशात सुनामगंजच्या हाओरांत, म्हणजे प्रचंड पाणथळ खळग्यांत, पावसाळ्यात गावं बेटं होतात आणि शाळेपासून बाजारापर्यंत सगळं नावेतून चालतं. हिवाळ्यात त्याच जागी भातशेती आणि पायवाटा. कंबोडियात टोन्ले साप नदी पावसाळ्यात उलटी वाहते. मेकाँगचा पूर तिला मागे रेटतो आणि वरचं सरोवर पाच-सहा पटींनी पसरतं. पूर ओसरून नदी पुन्हा सुलटी झाली की नोव्हेंबरच्या पौर्णिमेला नॉम पेन्हमध्ये नौकांच्या शर्यतींचा उत्सव भरतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मनौस शहरात पाण्याच्या पातळीत दरवर्षी दहा मीटरहून अधिक फरक पडतो, म्हणून तिथला धक्का तरंगता आहे. जूनमध्ये पूर शिगेला असतो, ऑक्टोबरात नीचांक. जून २०२१ मध्ये पातळीने ३० मीटरचा आकडा ओलांडला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती १२.७ मीटरवर आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या नोंदीतला तो तळ होता, आणि २०२४ने तोही मोडला. ज्या वस्त्यांना नदीखेरीज रस्ता नाही त्यांच्या होड्या चिखलात रुतल्या, औषधं-धान्य पोचेना. तिथे वादळ कुणाला अडवत नाही. पाणी न येणं हेच संकट.

थंड देशांत होडीचं वर्ष बर्फ ठरवतो, आणि तो फार शिस्तीचा आहे. बाल्टिक समुद्राला मीठ कमी, त्यामुळे त्याचं पाणी लवकर गोठतं. स्टॉकहोमसमोर सुमारे ३०,००० बेटं-खडकांचा पसारा आहे. तिथले लोक एप्रिल-मेमध्ये होडी पाण्यात सोडतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वर काढतात. अमेरिका-कॅनडाच्या पंचसरोवरांवरही तेच. सेंट लॉरेन्सचा जलमार्ग डिसेंबरअखेर बंद होतो तो मार्चच्या उत्तरार्धात उघडतो. सू इथली जलद्वारं १५ जानेवारी ते २५ मार्च मिटलेली असतात. टोरांटो-शिकागोकडच्या मराठी घरांतून तळ्यावरच्या बोटीचे फोटो येतात ते जून ते ऑगस्टमधले. त्याच बोटीची ऑक्टोबरातली खटपट कुणी पाठवत नाही, पण पाहण्यासारखी तीच असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. इंजिनाच्या कुठल्याही पोकळीत पेलाभर पाणी राहिलं तर हिवाळ्यात ओतीव लोखंड तडकतं. म्हणून सगळं पाणी काढून नळ्यांत न गोठणारं द्रव फिरवायचं, टाकी इंधनाने भरून ठेवायची म्हणजे आत दव धरत नाही, बॅटरी काढून घरात न्यायची, आणि शेवटी पांढऱ्या प्लॅस्टिकने सगळी बोट गुंडाळून ते उष्णतेने आवळायचं. हवा खेळायला झडपा ठेवायच्या. मालवणची शाकारणी आणि मिशिगनची ही आवराआवर शेजारी ठेवून पाहा. शत्रू वेगळा, पण फट ठेवण्याची अक्कल एकच.

बर्फ शिस्तीचा असला तरी त्याच्या आधीचा महिना बेशिस्त. नोव्हेंबरात सरोवरांचं पाणी अजून उबदार असतं आणि कॅनडातून थंड हवा खाली उतरू लागते. या दोहोंच्या फरकावर तिथली भयंकर वादळं पोसली जातात. १० नोव्हेंबर १९७५ रोजी 'एडमंड फिट्झजेराल्ड' ही दोनशे मीटरहून लांब मालवाहू बोट सुपीरियर सरोवरात २९ माणसांसह बुडाली. जानेवारीत ती धक्क्यालाच बांधलेली असती. गोठण्यापूर्वीची शेवटची खेप मारण्याचा मोह सगळ्या थंड बंदरांना असतो.

भूमध्य समुद्राने हे सगळं फार पूर्वी लिहून ठेवलं. वेजेशियस या रोमन ग्रंथकाराने तारखाच दिल्या आहेत: २७ मे ते १४ सप्टेंबर बिनधोक, ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद, आणि या दोहोंमधले आठवडे जोखमीचे. काठ त्याने असे वेगळे काढून दाखवले. बंदीची कारणंही त्याने नेमकी दिली आहेत. वारा हे त्यांतलं एक. दिवस लहान, रात्र लांब, आभाळ ढगाळ, दृश्यता कमी, ही बाकीची. होकायंत्र नसलेल्या खलाशाला तारे दिसले नाहीत तर दिशाच उरत नाही. आज उपग्रहामुळे ते कारण संपलं, तरी ग्रीसमधल्या भाड्याच्या शिडनौका मे ते ऑक्टोबरच चालतात. तिथल्या उन्हाळ्याची स्वतःची खोड आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. निरभ्र आभाळ, लख्ख ऊन, एक ढग नाही, आणि वारा इतका की बंदरातून फेरीबोट सुटत नाही. ढग दिसले की वारा, हे आपलं गणित तिथे चालत नाही. त्यातही आपल्याला जवळचा धागा असा की, या वाऱ्याचं आपल्या मोसमी पावसाशी नातं आहे, हे हवामानशास्त्रज्ञांनी दाखवलेलं आहे. भारतावर वर चढलेली हवा पश्चिमेकडे भूमध्याच्या पूर्व भागात खाली बसते. कोकणातली होडी आणि ग्रीक बेटावरची फेरी एकाच यंत्रणेमुळे अडकून पडलेली असतात.

एक आक्षेप इथेच नोंदवायला हवा. भर हंगामातही समुद्र माणसं गिळतो. १९७९ची शिडनौकांची फास्टनेट शर्यत ऐन ऑगस्टात होती. आयर्लंड-इंग्लंडच्या दरम्यान आलेल्या वादळात १५ स्पर्धक गेले. १९ ऑगस्ट २०२४ रोजी सिसिलीजवळ नांगरलेली 'बायेझियन' ही ५६ मीटरची आलिशान नौका पहाटेच्या वादळात काही मिनिटांत बुडाली, सात जण दगावले. त्या उन्हाळ्यात भूमध्याचं पाणी नेहमीपेक्षा बरंच तापलेलं होतं. तेव्हा काठाचं बोलताना मध्याला अभय नाही, एवढं ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

उष्ण कटिबंधात चक्रीवादळ आणि विमा कंपनी हे दोघे मिळून वर्ष आखतात. अटलांटिकचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, शिखर १० सप्टेंबरच्या आसपास. त्या काळात शिडनौका अमुक अक्षांशाच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तरच विमा लागू, अशी अट असते. म्हणून नोव्हेंबरअखेर स्पेनच्या कॅनरी बेटांवरून शेकडो नौका कॅरिबियनकडे निघतात. लास पाल्मास ते सेंट लुसिया, सुमारे २,७०० सागरी मैल. लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा आणि मग पश्चिमेला वळ, हा शिडवाल्यांचा जुना मंत्र. व्यापारी वारे पाठीशी घेण्याचा तो मार्ग. जून जवळ आला की बऱ्याच नौका दक्षिणेला ग्रेनाडाकडे सरकतात, कारण बारा अक्षांशाच्या आसपास वादळं क्वचित येतात. क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे. सप्टेंबर २००४ मध्ये 'आयव्हन'ने ग्रेनाडाच झोडपलं. १ जुलै २०२४ रोजी 'बेरिल' शेजारच्या करियाकूवर आदळलं तेव्हा हंगाम सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. दुसऱ्या दिवशी ते पाचव्या श्रेणीला पोचलं. अटलांटिकमध्ये इतक्या लवकर हे पूर्वी कधीच झालं नव्हतं. कांदळवनात आडोशाला बांधलेल्या नौका एकमेकींवर रचल्या गेल्या.

दक्षिण पॅसिफिकमध्ये उलट: नोव्हेंबर ते एप्रिल वादळं, म्हणून त्या काळात नौका न्यूझीलंडला उतरतात आणि मे महिन्यात पुन्हा टोंगा-फिजीकडे निघतात. जून १९९४च्या सुरुवातीला अशाच निघालेल्या तांड्याला वाटेत वादळाने गाठलं. २१ जणांना वाचवण्यात आलं, एका नौकेवरचे तिघे बेपत्ता झाले. उष्ण कटिबंधातला वादळी हंगाम संपला होता आणि दक्षिणेच्या हिवाळ्याची वादळं सुरू झाली होती. दोन ऋतूंमधल्या अरुंद फटीतून निसटायचा तो प्रयत्न होता. पश्चिम पॅसिफिकला तेवढीही फट नाही. तिथे टायफून वर्षाच्या कुठल्याही महिन्यात येऊ शकतो. म्हणून हाँगकाँगने तारीख शोधण्याऐवजी जागा बांधली, दगडी बांधाआडचे टायफून-निवारे. कॉजवे बे इथला पहिला १८८३चा.

अरबी समुद्रात चक्रीवादळं भर पावसाळ्यात का होत नाहीत, याचं उत्तर काठांचं महत्त्व पटवायला पुरेसं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खालचा वारा पश्चिमेकडून आणि वरचा जोरदार वारा पूर्वेकडून वाहतो. ढगांचा उंच मनोरा उभा राहू लागला की हे दोन वारे त्याला मधोमध कापतात. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात ही कात्री सैल पडते, पाणी गरम असतं, आणि वादळ बांधलं जातं. म्हणजे आपली होडी बाहेर असते नेमकी तेव्हाच. यादी फार मागे न जाता देता येते: नोव्हेंबर २००९चं 'फयान', नोव्हेंबर-डिसेंबर २०१७चं 'ओखी', ज्यात केरळ-तमिळनाडूच्या नौका भरकटत येऊन सिंधुदुर्गाच्या आसऱ्याला लागल्या, ३ जून २०२०चं 'निसर्ग', आणि मे २०२१चं 'तौक्ते', ज्यात मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्रावर काम करणारा तराफा बुडून सत्तराहून अधिक कामगार गेले. अरबी समुद्रातली वादळं २००१ नंतरच्या दोन दशकांत त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा सुमारे निम्म्याने वाढली, असं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडलं आहे. नारळी पौर्णिमेनंतरचा समुद्र आपला, ही श्रद्धा ज्या हवामानावर उभी राहिली ते हवामान आता तसं उरलेलं नाही.

काठ सांभाळणं म्हणजे काय, हे आपल्या नौदलाच्या सागरपरिक्रमांत छान दिसतं. कमांडर दिलीप दोंदे गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'तून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. 'तारिणी'वरच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ला गोव्याहून निघून २१ मे २०१८ला आल्या. त्याच नौकेवरून दिलना आणि रूपा या दोघी २ ऑक्टोबर २०२४ला निघाल्या आणि २९ मे २०२५ला परतल्या. तारखा जुळवून पाहा. जगाला वळसा घातला तरी निघणं कोळ्याच्या हंगामासोबत आणि परतणं आगोटीपूर्वी. मधले महिने दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्याचे, केप हॉर्न गाठायला त्यातल्या त्यात बरे. दोन गोलार्धांचे ऋतू एकमेकांत असे बसतात म्हणूनच ही मोहीम शक्य होते. फक्त शेवटच्या वेळी, या दोघी पोचल्या तेव्हा मोसमी पाऊस गोव्यात त्यांच्या आधीच येऊन बसला होता. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये, दक्षिण हिंदी महासागरात हिवाळा पुरता सरलेला नसताना, कमांडर अभिलाष टॉमी यांच्या शिडनौकेची डोलकाठी वादळात मोडली. पाठीला जबर इजा झालेल्या टॉमींना तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने उचललं.

हे सगळं समुद्राचं झालं. महाराष्ट्रातली बहुतेक माणसं मात्र होडीत बसतात ती धरणांच्या पाण्यात, आणि तिथे काठ आणखी फसवा. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी निघालेली प्रवासी होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वळवाचा ढग असा वागतो: दुपारभर उकाडा, मग वारा एकदम पडतो, पाणी आरशासारखं होतं. क्षितिजाशी काळा, खालून सपाट ढग. पलीकडच्या काठावर धूळ उठलेली दिसते. ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून पुढे पसरते आणि पावसाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यावर पोचते. अंगाला गार झुळूक लागली म्हणजे वेळ संपली. या ढगाला १ जूनची तारीख माहीत नसते, आणि धरणाच्या होडीला बहुतेक ठिकाणी कुठलंच पंचांग नसतं.

ठरावीक तारखांची बंदी टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. हजारो होड्यांना एकाच नियमात बांधायला तारीखच लागते, आणि ६१ दिवसांनी माणसं आणि मासे दोन्ही वाचवले आहेत. पण मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांसाठी तारखेच्या जोडीला रोजच्या अंदाजावर चालणारा नियम हवा. त्या दिवशी बुडालेल्या कमाईची थोडी तरी भरपाई हवी, नाहीतर गरीब नाखवा अंदाज ऐकून न ऐकल्यासारखा करणार. धरणांवरच्या प्रवासी होड्यांना तर आधी साधे नियम हवेत: किती माणसं, किती जीवरक्षक जाकिटं, आणि वळवाच्या दिवसांत दुपारनंतर फेरी नाही. तोवर वाचकांना एवढंच सांगणं. मे महिन्यात मालवणला, तापोळ्याला, उजनीला जाल तेव्हा सकाळची फेरी धरा, फोटोसाठीसुद्धा जाकीट काढू नका, आणि होडीवाला आज नको म्हणाला तर दोनशे रुपये जास्त देऊ करू नका.